सात नंबरची घंटी

एक

सात नंबरचा पेशंट गेला तेव्हा घंटीचं बटण त्याच्या मुठीत होतं. इतकं घट्ट, की ते सोडवायला सिस्टरला त्याचं एकेक बोट उलगडावं लागलं. आणि घंटी तर वाजलीच नव्हती, असं ती सिस्टर शपथेवर सांगत होती.

भर दुपारची गोष्ट. साथीने सगळं शहर घरात कोंडलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि नव्याकोऱ्या हॉस्पिटलचा चौथा मजला उघडून जेमतेम आठवडा झालेला. मधे मोठा हॉल, हॉलच्या कडेला काचेच्या दाराची एक वेगळी खोली, तीच सात नंबर. दाराला आतून पडदा. त्या पडद्याआड तो माणूस एकटा गेला, आणि दोन दिवसांनी त्याची चौकशी करायला सरकारने चौकशीबाईंना पाठवलं.

चौकशीबाई हे काही त्यांचं नाव नव्हे, पण खात्यात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखतही नसे. पडलेले पूल, फुटलेल्या टाक्या, शाळांची कोसळलेली छपरं, सगळं त्यांच्याच गळ्यात पडायचं. गुडघा दुखरा, चष्मा जाड आणि जिभेला धार. मास्कमुळे चष्म्यावर सारखी वाफ धरायची आणि बाई सारख्या साथीला शिव्या घालायच्या.

फाटकापाशी एक बाई उभी होती. साठीची, हातात रिकामी पिशवी. हॉस्पिटलात कोणालाच आत सोडत नव्हते, म्हणून ती बाहेरच उभी.

"मी सात नंबरची बायको," ती म्हणाली. "एकच विचारायचंय. यांनी बोलावलं होतं का हो कोणाला?"

चौकशीबाई फाटकाशीच थांबल्या.

"आमचे हे कंडक्टर होते. सगळा जन्म बसमध्ये गेला. एक घंटी मारली की अख्खी बस थांबायची. आणि इथे एक माणूस थांबला नाही त्यांच्यासाठी? त्यांनी बोलावलंच नसेल तर मी गप घरी जाते. पण बोलावलं असेल आणि कोणी आलं नसेल, तर मला कळायला हवं. नाहीतर मला झोप लागायची नाही."

"संध्याकाळी सांगते," बाई म्हणाल्या, आणि बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, काय हे कबूल करून बसलो आपण!

कारण संध्याकाळीच सिस्टरचाही निकाल लागणार होता. हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल करायची तयारी झालेली होती, आणि तसं होऊ नये असं म्हणणारा एकही माणूस त्या इमारतीत नव्हता.

दोन

या हॉस्पिटलचा कारभार मुळातच अर्धा-अर्धा होता. इमारत एका कंपनीने बांधलेली, पुढची तीस वर्षं तीच सांभाळणार. भिंती, खाटा, दिवे, घंट्या कंपनीच्या. डॉक्टर, सिस्टर आणि आजारी माणसं सरकारची. मजला वापरायला तयार आहे असा दाखला मिळाला की सरकारने कंपनीला पैसे द्यायचे, मग तिथे कोणी झोपो न झोपो. याला म्हणे भागीदारी. सिस्टरने साधा दिवा बदलायचा म्हटला तरी कंपनीच्या माणसाला फोन लावायचा.

चौथ्या मजल्यावर आता कोणीच नव्हतं. पेशंट दुसरीकडे हलवलेले, दाराला चौकशीबाईंचं सील. ते काढून त्या सिस्टरला घेऊन आत शिरल्या, तशी हॉलमधल्या रिकाम्या खाटांवरची पांढरी चादर नि चादर त्यांच्याकडे बघतेय असं त्यांना उगीचच वाटलं. हवा खेळवणारं यंत्र कुठेतरी घरघरत होतं. तेवढाच आवाज.

सिस्टर तरुण होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"मी इथे बसले होते, मॅडम." तिने टेबल दाखवलं. टेबलावर घंट्यांचा फलक, त्यावर एक हिरवा दिवा शांतपणे जळत होता. "कोणी बटण दाबलं की इथे वाजतं, नंबर उमटतो. आम्ही फलकावरचा फोन उचलून पेशंटशी बोलायचं, मग खाटेपाशी जाऊन घंटी बंद करायची. त्या दुपारी हा दिवा हिरवाच होता. मधे पलीकडच्या कोपऱ्यात एका पेशंटची तब्येत बिघडली, मी तिथे अडकले. सुटल्यावर सात नंबरला गेले तर..."

"याआधी इथे घंटी वाजलेली ऐकलीस?"

सिस्टर विचारात पडली. "नाही ऐकली. पण हॉलमधले हात वर करतात, हाका मारतात. घंटीची गरजच पडली नाही कोणाला."

"इथून सात नंबरचं दार दिसतं?"

"नाही. खांब मधे येतो."

मुलगी खोटं बोलत नाही, असं चौकशीबाईंचं मन सांगत होतं. पण त्यांच्या मनाला अहवालात जागा नव्हती. त्यातून सात नंबरच्या बरोबर समोरच्या खाटेवर एक शिंपी होता, आणि त्याने जे पाहिलं ते सिस्टरला पुरतं बुडवणारं होतं.

शिंपीमामा आता दुसऱ्या इमारतीत होते. नाकाला नळी, पण बोलण्याची हौस दांडगी. चौकशीबाई त्यांच्याशी काचेबाहेरून फोनवर बोलल्या.

"सात नंबरच्या दारावर लाल दिवा आहे बघा, तो लागायचा. जरा वेळाने विझायचा. परत लागायचा, परत विझायचा. दुपारभर तेच."

"विझवत कोण होतं?"

"मला काय दिसतंय! मला वाटलं, सिस्टर आत आहेत. आतून बाईचा आवाजही यायचा ना. 'आले हं, आले. घाबरू नका.' असं अगदी मायेनं. म्हटलं चला, बघतंय कोणीतरी बिचाऱ्याकडे. म्हणून मी ओरडलो नाही."

मामांना दम लागला. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"पण एक सांगू का बाई? माझी नजर दुपारभर त्या दारावर होती. ते दार कोणी उघडलंच नाही. आत कोणी गेलं नाही की बाहेर आलं नाही. मग आत बोलत कोण होतं?"

तीन

कंपनीचे व्यवस्थापक मात्र कशानेही घाबरलेले नव्हते. इस्त्रीचा सदरा, खिशाला कंपनीचं ओळखपत्र.

"यात भुताटकी कसली मॅडम? सिस्टर टेबलावरून फोनवर बोलत होती आणि उठायचा कंटाळा म्हणून तिथूनच घंटी बंद करत होती. आमची यंत्रणा ठणठणीत आहे. दाखला आहे आमच्याकडे."

"टेबलावरून बंद होते घंटी? सिस्टर म्हणते खाटेपाशी जावं लागतं."

"म्हणजे... व्हायला नको खरं तर. पण कोणी काही खटपट केली असेल." त्यांनी घड्याळात बघितलं. "ते सील कधी निघेल? मजला निर्जंतुक करायचाय. माझी माणसं खोळंबलीत."

सकाळपासून ते तिसऱ्यांदा हेच विचारत होते. मेलेल्या माणसाबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. चौकशीबाईंनी हे मनात नोंदवून ठेवलं आणि दाखला देणाऱ्याला बोलावणं धाडलं.

तपासणी अभियंता हा ना सरकारचा, ना कंपनीचा. दोघांनी मिळून नेमलेला त्रयस्थ माणूस. बारीक, घाबरट, बोलताना सारखे हात चोळणारा.

"मी स्वतः तपासलं हो! एकेक बटण दाबलं. साथीमुळे एकमेकांजवळ उभं राहायचं नव्हतं, म्हणून मी खाटांपाशी आणि व्यवस्थापकसाहेब फलकापाशी, असे उभे राहिलो. मी दाबायचं आणि त्यांनी फोनवर सांगायचं, 'वाजली.' सगळ्या वाजल्या."

"फलकाजवळ साहेब उभे आहेत हे तुम्ही पाहिलंत?"

"खाटांभोवती पडदे ओढलेले, त्यात खांब मधे आणि यंत्राची घरघर. पण फोनवर घंटी स्पष्ट ऐकू येत होती. मी काही आंधळेपणाने सही करणाऱ्यातला नाही."

"बरं. त्या दिवशी काही वेगळं घडलं? कितीही फुटकळ असू दे."

अभियंत्याने हात चोळले. मग इकडेतिकडे बघितलं.

"हसणार नसाल तर सांगतो. सात नंबरला मी बटण दाबलं. फोनवर घंटी वाजली, साहेब म्हणाले, 'वाजली.' आणि त्यांच्या मागे कोणीतरी खोकलं. म्हाताऱ्या माणसासारखं, खोल छातीतून. मी म्हटलं, साहेब, तुमच्याबरोबर कोण आहे? तर म्हणाले, 'कोणी नाही. मजला रिकामा आहे.' रिकामाच होता हो! उघडायचा होता अजून. मी तिथून असा सटकलो की जिन्यात चप्पल निसटली तरी मागे वळून बघितलं नाही. चांगला इंजिनिअर माणूस मी, पण आजही तो खोकला आठवला की अंगावर काटा येतो."

चौकशीबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून वाफ पुसली.

"त्या दिवशी या इमारतीत पेशंट कुठल्या मजल्यावर होते?"

"फक्त तिसऱ्या."

बाई उठल्या आणि दुखऱ्या गुडघ्याने जिना उतरू लागल्या.

चार

तिसरा मजला म्हणजे चौथ्याची हुबेहूब नक्कल. तोच हॉल, तोच खांब, तेच टेबल, काचेच्या दाराची तीच सात नंबर. आपण खाली आलोच नाही असं वाटून बाईंना क्षणभर गरगरल्यासारखं झालं. फरक इतकाच की इथल्या खाटांवर माणसं होती आणि ती खोकत होती.

खालची सिस्टर पन्नाशीची, अंगाने भरलेली. चौकशीबाईंनी 'सात नंबर' म्हणायचा अवकाश, तिने हातातला ट्रे खाली ठेवला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"आमच्या सात नंबरचं. आजी आहेत तिथे, दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच. परवा दुपारभर चाललं हे. घंटी वाजायची, नंबर सात. फोन उचलला की पलीकडून कोणीतरी जोरजोरात श्वास घ्यायचं. मी म्हणायचे, 'आले हं, आले. घाबरू नका.' धावत जायचे, तर आजी गाढ झोपलेल्या! श्वास अगदी संथ. घंटी बंद करायची, टेबलापाशी येईस्तोवर परत टिंग."

"कळवलंत कोणाला?"

"कळवलं की कंपनीला. साहेब स्वतः आले लगेच. बटण दाबून बघितलं, म्हणाले, ठीक आहे, आजींच्या हाताखाली दबत असेल. आणि बटण काढून भिंतीवर उंच खुंटीला अडकवून गेले. आजींचा हात तिथवर पोचणं शक्यच नाही." सिस्टरने पदर आवळून धरावा तसा अंगावरचा कोट आवळून धरला. "मॅडम, ते गेल्यावरही वाजली. बटण खुंटीला लोंबतंय, आजी झोपल्यात, आणि घंटी वाजतेय. आमची नवी मुलगी तर रडायलाच लागली."

"कशी वाजायची?"

"एकच, ठसठशीत. घाबरलेली माणसं कशी दाबत सुटतात, तसं नाही. एकदा टिंग, की थांबायचं. शेवटची तेवढी लागोपाठ दोनदा वाजली. मग कधीच नाही."

चौकशीबाई खुर्चीत बसल्या. गुडघ्याचं दुखणं त्या विसरून गेल्या होत्या. वरच्या मजल्यावर लाल दिवा लागत होता आणि कोणी हात न लावता विझत होता. खालच्या मजल्यावर कोणी हात न लावता घंटी वाजत होती आणि ही बाई ती बंद करत होती. या समोरच्या बाईला हे सांगायचं तरी कसं?

"तुम्ही आज संध्याकाळपर्यंत इथेच आहात ना?" त्यांनी विचारलं.

"आहे की. का हो?"

"घंटी वाजली, तर नेहमीसारखं करा. बाकी काही नको."

"आता कशाला वाजतेय ती," सिस्टर म्हणाली, पण तिने फलकाकडे बघितलं.

पाच

चौथ्या मजल्यावर टेबलाभोवती चौघं उभे राहिले. व्यवस्थापक, अभियंता, वरची सिस्टर आणि चौकशीबाई. उन्हं उतरली होती आणि रिकाम्या खाटांच्या सावल्या जमिनीवर लांबल्या होत्या.

"साहेब, तपासणीच्या दिवशी तुम्ही कुठे उभे होतात?"

"इथेच. या फलकापाशी."

"मग खोकलं कोण?"

"हे काय विचारणं झालं? यांना भास झाला असेल."

"बरं. सगळे खांबापाशी या, तिथून दार आणि फलक दोन्ही दिसतील." चौकशीबाई खांबाला वळसा घालून सात नंबरमध्ये गेल्या. दार सताड उघडं ठेवलं, आणि गादीवर पडलेलं बटण उचलून एकदा दाबलं.

दारावरचा लाल दिवा लागला. टेबलावरचा फलक हूं की चूं करेना. हिरवा दिवा आपला शांतपणे जळतोय. आणि मग, त्या रिकाम्या खोलीत, उशाशी असलेल्या छोट्या जाळीतून एक बाईचा आवाज आला.

"आले हं... आले. घाबरू नका."

वरच्या सिस्टरने तोंडावर हात दाबला. अभियंता भिंतीला टेकला. आवाज थरथरत होता. थोडं थांबून तो पुन्हा आला, अगदी बारीक.

"कोण आहे?"

पावलांचा आवाज लांब गेला, आणि थोड्याच वेळात दारावरचा लाल दिवा आपोआप विझला.

"खालच्या सिस्टर आहेत त्या," चौकशीबाई म्हणाल्या. "आत्ता आजींच्या खाटेपाशी जाऊन त्यांनी घंटी बंद केली. साहेब, आता तो फलक उचला."

व्यवस्थापक जागचे हलले नाहीत. वरच्या सिस्टरनेच उचलला. फलक अलगद वर आला. त्याला मागे दिव्याची एक वायर सोडली तर काहीही जोडलेलं नव्हतं.

"रिकामा डबा!" अभियंता ओरडला. "म्हणजे तुम्ही त्या दिवशी खाली..."

"खाली, तिसऱ्या मजल्यावर उभे होते," चौकशीबाई म्हणाल्या. "वरच्या सगळ्या घंट्या खालच्या फलकाला जोडल्यात यांनी. साताला सात, आठाला आठ. तुम्ही वर दाबलंत, खाली वाजली, खालच्या पेशंटसमोर उभं राहून हे म्हणाले, 'वाजली.' एवढंच एक वाक्य यांनी खरं सांगितलं. तुम्ही ऐकलात तो खोकला जिवंत माणसाचा होता."

व्यवस्थापकांनी मास्क खाली ओढला. एकदम वय झाल्यासारखे दिसायला लागले.

"वरचा फलक बंदरात अडकला होता, मॅडम. साथीमुळे जहाजंच बंद. आणि मजला उघडा, उघडा म्हणून रोज फोन! सरकारचे वेगळे, आमच्या मालकांचे वेगळे. तात्पुरती सोय केली मी. फलक आला की बदलणार होतो. कोणाला मारायचं होतं का मला?"

"नव्हतं. इथवर मी तुम्हाला नुसतं लबाड म्हटलं असतं." चौकशीबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "पण त्या दुपारी खालच्या सिस्टरने तुम्हाला बोलावलं. न दाबता घंटी वाजतेय, फोनवर श्वास ऐकू येतोय, हे तिने तुम्हाला सांगितलं. तिला भूत वाटलं. तुम्हाला भूत वाटायचं काही कारण नव्हतं. वरच्या सात नंबरमधून माणूस बोलावतोय, हे अख्ख्या इमारतीत फक्त तुम्हाला कळत होतं. आणि तुम्ही काय केलंत? आजींचं बटण खुंटीला टांगलंत. एक जिना चढायचा होता हो! एक जिना."

"वर जाऊन सांगितलं असतं तर मजला बंद झाला असता," व्यवस्थापक पुटपुटले. "दाखला गेला असता."

"हो. गेला असता," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वरच्या सिस्टरला खुणेने खुर्चीत बसायला सांगितलं.

सहा

व्यवस्थापकांना न्यायला पोलिसांची गाडी आली. वरच्या सिस्टरवर गुन्हा नोंदवायचे कागद चौकशीबाईंनी तिच्यासमोर फाडून टाकले. नियमात बसत नव्हतं, पण फाडले. मग त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या आणि खालच्या सिस्टरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

सिस्टरने आपल्या हातांकडे बघितलं.

"मीच विझवत होते," ती म्हणाली. "तो माणूस वर दिवा लावत होता आणि मी विझवत होते."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"मला त्यांच्या बायकोला भेटायचंय."

चौकशीबाईंनी तिला परोपरीने समजावलं, आज नको, घरी जा, झोप घ्या. ती ऐकेना. तेव्हा दोघी खाली फाटकाशी आल्या. कंडक्टरची बायको तिथेच उभी होती, पिशवीची घडी करून काखेत धरलेली. रस्त्यावरचे दिवे लागले होते.

चौकशीबाईंनी शब्द फिरवले नाहीत. त्यांनी बोलावलं होतं. दुपारभर बोलावलं होतं. घंटी चुकीच्या मजल्यावर वाजत होती, एका माणसाला ते ठाऊक होतं आणि तो गप्प बसला. वरच्या पोरीचा दोष नाही. आणि ज्यांनी ती घंटी ऐकली, त्या या.

बायको सिस्टरकडे वळली. सिस्टरला हुंदका आवरेना.

"दर वेळी धावले हो मी," ती म्हणाली. "एकदासुद्धा आळस केला नाही. पण भलत्याच खाटेपाशी धावले. मला माफ करा."

"तुमचा आवाज जायचा त्यांच्यापर्यंत?"

"जायचा. मला माहीत नव्हतं, पण जायचा."

"काय म्हणायचात?"

सिस्टरने डोळे पुसले. "आले हं, आले. घाबरू नका."

बायकोने मान हलवली. ते शब्द आत कुठेतरी नीट ठेवून द्यावेत तशी तिने काखेतली पिशवी हातात घेऊन छातीशी धरली. मग म्हणाली, "एकच घंटी मारत असतील ना? यांची सवय. एक म्हणजे थांबा."

"एकच. अगदी ठसठशीत. फक्त..." सिस्टरने चौकशीबाईंकडे बघितलं. "फक्त शेवटची तेवढी दोनदा वाजली. लागोपाठ."

बायकोच्या हातातली पिशवी खाली पडली.

"दोनदा? नक्की?"

"नक्की. मी तेव्हाही म्हटलं, 'आले हं.'"

कंडक्टरची बायको वाकली. पिशवी उचलली, झटकली, पुन्हा तिची घडी केली. चेहऱ्यावरचा दोन दिवसांचा ताण सैल पडला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दोन म्हणजे चला," ती म्हणाली. "सगळे चढले, आता कोणासाठी थांबू नका, गाडी जाऊ द्या."

तिने सिस्टरचा हात धरला. साथीचे दिवस होते, कोणी कोणाला शिवत नव्हतं. सिस्टरने हात मागे घेतला नाही, आणि चौकशीबाईंनीही तिकडे पाहिलं नाही. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या, पण या वेळी काचांवर वाफ नव्हती.